दाराला आकड्यांचं कुलूप घेताय? आधी टेप घेऊन दारात बसा

सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, नळाला पाणी रोज येत नाही आणि येतं त्या दिवशी घरात कुणीतरी असावंच लागतं. आम्ही पुण्याला लेकीकडे निघालो की चावी तुळशीच्या कुंडीखाली ठेवायचो. शेजारच्या वहिनी येऊन मोटार लावायच्या, टाकी भरायच्या, चावी परत कुंडीखाली. हळूहळू ती कुंडी वहिनींच्या मुलाला ठाऊक झाली, मग दूधवाल्याला. एक दिवस नवीन इस्त्रीवाल्यानंच मला हाक मारली, "काका, चावी कुंडीखाली नाय, बाजूला पडलीय बघा." त्याच दिवशी ठरवलं, आकडे दाबून उघडणारं कुलूप घ्यायचं.

घेतलं, आणि पहिलंच चुकलं. ऑनलाइन सवलत बघून मागवलेलं ते कुलूप आमच्या दारापेक्षा जाड दारासाठी होतं. त्याचा दांडा बाहेरच्या जाळीच्या दाराला अडत होता. शिवाय दार पश्चिमेला, त्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी चारला त्या काचेच्या पाटीला बोट लावायची सोय नव्हती. परत पाठवलं, आणि मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. खाली लिहितोय ते त्याच क्रमानं. कंपन्यांची नावं देत नाही. मॉडेलं भराभर बदलतात, तपासायच्या गोष्टी मात्र त्याच राहतात.

पायरी पहिली : दार मोजा

दुकानात जायच्या आधी टेप, पेन्सिल आणि कागद घेऊन दारापाशी बसा. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण कुलपाचं निम्मं काम दार आणि चौकटच करतात.

आधी जाडी. आपल्याकडचे फ्लश डोअर बहुतेक 30 किंवा 35 मिमीचे असतात. दाराच्या पोटात बसणाऱ्या कुलपाला मॉर्टिस म्हणतात. त्याची पेटी 20 मिमीच्या आसपास जाड असते. म्हणजे 30 मिमीच्या दारात ती बसवायला सुतारानं खाच पाडली, की दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच मिमी लाकूड उरतं. एक जोराची लाथ, आणि कुलूप शाबूत राहून दार फाटतं. आमचे सुतारमामा म्हणाले ते मला फार पटलं : "कुलूप फॉरेनचं आन् दार पापडाचं, काय उपेग?"

मग बोटाच्या पेरानं दार वाजवून बघा. भरीव दार ठप्प वाजतं, पोकळ दार डबडब. वरून नक्षी दाबलेल्या पोकळ दारांत कुलपासाठी लाकडाचा ठोकळा ठरावीक उंचीवरच घातलेला असतो. त्याच्या वर-खाली भोक पाडलं तर स्क्रू धरायला काही उरत नाही. दार असं असेल तर माझा सल्ला सरळ आहे, कुलपाचे पैसे आधी दारात घाला.

चौकट कशाची आहे तेही कागदावर लिहा. सागवानी असेल तर काम सोपं. लोखंडी अँगलची असेल तर कुलपाची खिटी जिथे जाते तिथे कापून पट्टी जोडावी लागते आणि ते काम सुताराचं नाही, वेल्डरचं आहे. ग्रॅनाइटच्या चौकटीला खाच पाडणारा माणूस आणखी वेगळा.

दुपाखी दार असेल, म्हणजे जुन्या वाड्यांना असतं तसं दोन फळ्यांचं, तर मॉर्टिसचा नाद सोडा. आतून वरच बसणारं रिम कुलूप घ्या. त्याची खिटी समोरच्या फळीवरच्या पेटीत जाते. पण ती दुसरी फळी वर-खाली दोन्हीकडे टॉवर बोल्टनं घट्ट धरलेली हवी, नाहीतर दोन्ही फळ्या एकदम ढकलल्या की कुलपासकट दार आत येतं. बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत तेही बघा. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीची सळई बाहेरून ठोकून काढता येते, मग आकडे कितीही असोत.

आणि जाळीचं दार. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घराला ते असतं आणि कुलपाच्या खोक्यावर त्याचा उल्लेख कधीच नसतो. दोन्ही दारं बंद करून मधलं अंतर मोजा. बाहेरच्या दांड्याची पुढे येणारी लांबी त्यापेक्षा कमी हवी, आणि बोटं सुखानं फिरायला थोडी जास्तीची जागा.

शेवटचं माप म्हणजे दाराच्या कडेपासून सध्याच्या चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. नव्या कुलपांत ते बहुधा 60 मिमी असतं. जुनं भोक झाकलं जाणार की उघडं पडणार, ते यावरून कळतं. एवढं झालं की दाराचे चार फोटो काढा : बाहेरून, आतून, कडेनं आणि चौकटीचा. दुकानदाराला शब्दांत सांगण्यापेक्षा ते बरे.

पायरी दुसरी : घरात कोण कोण आहे?

आज बाजारातल्या बहुतेक कुलपांत आकड्यांबरोबर बोटाचा ठसाही असतो आणि दुकानदार त्याचंच कौतुक करतो. पण माझी आई पूर्व भागातल्या घरात आयुष्यभर विड्या वळत होती. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा तीन-तीनदा ठेवूनही लागत नाही. विड्या वळणारी, यंत्रमागावर काम केलेली किंवा रोज भांड्यांच्या पावडरीत हात घालणारी माणसं असलेल्या घरात ठशावर विसंबून राहू नका. ठसा असला तर असू दे. रोजचं दार आकड्यांवर चाललं पाहिजे.

आकड्यांतही दोन प्रकार आहेत : दाबली जाणारी खरी बटणं, आणि नुसता स्पर्श ओळखणारी काच. काच दिसायला देखणी, पण ओल्या किंवा पिठाच्या हातानं हट्ट करते, आणि नजर कमी झालेल्या माणसाला कुठला आकडा कुठे ते चाचपून कळत नाही. आमच्याकडे बटणंच आहेत. आई मोजून दाबते : वरची ओळ, मधलं. चष्मा लागत नाही.

पायरी तिसरी : सेलवालं की बिनसेलवालं?

बिनसेलचं यांत्रिक कुलूप मोहात पाडतं. वीज नको, सेल नको, ॲप नको. पण त्यातली मेख समजून घ्या. साध्या यांत्रिक कुलपांत बहुतेकदा आकड्यांचा क्रम मोजला जात नाही आणि एक बटण एकदाच दाबता येतं. म्हणजे 1-4-7-9 आणि 9-7-4-1 त्याला सारखेच. दहा बटणांतली कोणतीही चार निवडायचे प्रकार होतात फक्त 210. एका प्रयत्नाला सहा सेकंद धरले तर एकवीस मिनिटांत सगळे प्रकार दाबून होतात, आणि चुकलं म्हणून कुलूप ओरडतही नाही. गच्चीचं दार, जिन्याखालची खोली, गोदामाचं आतलं दार यांना ते चालेल. घराच्या मुख्य दाराला मी लावणार नाही.

सेलवाल्या कुलपात चार आकड्यांचे 10,000 प्रकार होतात, सहा आकड्यांचे 10 लाख. पण नुसती संख्या पुरेशी नाही. दुकानदाराला विचारा, "पाच वेळा चुकलं तर काय होतं?" चांगलं कुलूप काही मिनिटं गप्प बसतं. समजा दर पाच चुकांनंतर तीन मिनिटं बंद राहिलं, तर 10,000 प्रकार संपवायला शंभर तास लागतील. तेवढा वेळ कुणी तुमच्या दारात उभा राहत नाही. दुकानात नमुना असेल तर तिथेच मुद्दाम पाचदा चुकवून बघा.

दुसरा प्रश्न : "खोटे आकडे चालतात का?" बऱ्याच कुलपांत खऱ्या आकड्यांच्या आधी-नंतर हवे तेवढे भलते आकडे दाबता येतात. मागे कुणी उभं असलं तरी त्याला त्यातला खरा भाग कळत नाही. शिवाय सगळीच बटणं सारखी मळतात, याचा फायदा पुढे सांगतो.

पायरी चौथी : लपलेली चावी बाहेर काढायला सांगा

हा भाग लोक हमखास विसरतात. सेलवाल्या बहुतेक कुलपांत संकटकाळासाठी एक साधी चावीही असते. तिचं भोक खालच्या झाकणामागे दडवलेलं असतं. चोराला तुमचे दहा लाख प्रकार कशाला मोजायचेत? तो ते झाकण सरकवतो. स्वस्त कुलपांत तिथे अगदी हलकं सिलिंडर, म्हणजे चावी ज्यात फिरते ती नळी, बसवलेलं असतं, कपाटाच्या कुलपाइतकं. वर काच, दिवे, आवाज, आणि खाली हे.

म्हणून ती चावी हातात घेऊन बघा. कडेला साधे चार-पाच दाते असलेली पातळ, हलकी चावी असेल तर ते कुलूप खाली ठेवा. चपट्या अंगावर दोन्ही बाजूंनी खळगे कोरलेली चावी साधारण बरी. सिलिंडर बाहेरच्या पत्र्याच्या पुढे आलेलं नको. तीन मिमीपेक्षा जास्त बाहेर असेल तर पकडीत धरून मोडता येतं. आपल्या आधीच्या पिढीनं गोदरेजच्या नवतालवर विश्वास ठेवला तो काही उगीच नाही. 1897 मध्ये ही कंपनी कुलपांपासूनच सुरू झाली, आणि त्या कुलपाची चावी हातात घेतली की वजन जाणवायचं. आकड्यांचं कुलूप घेतानाही हात तोच लावायचा.

कार्डानं उघडायची सोय असेल तर मी ती बंदच ठेवतो. स्वस्त कार्डांची नक्कल करणारी यंत्रं सहज मिळतात. मायफेअर क्लासिक नावाच्या जगभर चाललेल्या कार्डाची सांकेतिक पद्धत तर 2008 मध्येच फुटली.

खिटीकडेही बघा. दार बंद केल्यावर आपोआप सरकणारी तिरपी जीभ म्हणजे कुलूप नव्हे, ती पत्र्यानं मागे ढकलता येते. चौकोनी किंवा गोल भरीव खिटी हवी, आणि ती निदान 20 मिमी बाहेर यायला हवी, 25 असेल तर उत्तम. दार आणि चौकट यांच्या फटीत तीन-चार मिमी वाया जातात, ते विसरू नका.

सेल, ऊन आणि धूळ

वीज गेली तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. काही होत नाही, कुलूप स्वतःच्या सेलवर चालतं. बंद पडतो तो राउटर, म्हणजे मोबाइलवरून लांबून उघडायची सोय तेवढी जाते. दारासमोर उभं राहून आकडे दाबले की दार उघडतंच.

सेल अल्कलाइनच घाला. स्वस्त झिंक-कार्बन सेल लवकर गळतात आणि आतली पट्टी खाऊन टाकतात. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असतात आणि कुलूप 1.5 धरून चालतं, त्यामुळे सेल संपत आल्याची सूचना चुकीच्या वेळी येते किंवा येतच नाही. चारही एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. अल्कलाइन सेलची मर्यादा साधारण 55 अंश असते. आपल्याकडे हवाच 43-44 अंशांवर जाते, तेव्हा पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या पत्र्याआड काय होत असेल त्याचा विचार करा. बहुतेक कुलपांत सेल आतल्या बाजूला असतात, तसंच घ्या, आणि दारावर छोटंसं छज्जं किंवा ताडपत्रीचा पडदा करा. खोक्यावर आयपी 54 किंवा आयपी 65 असं लिहिलेलं असेल तर त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आपल्याला पहिल्याची काळजी जास्त.

सगळे सेल संपले आणि तुम्ही बाहेर असलात तर? कुलपाच्या खालच्या कडेला दोन धातूचे ठिपके असतात, तिथे 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची. नव्या मॉडेलना मोबाइलच्या चार्जरसारखं टाइप-सीचं भोक असतं. याला घाबरू नका, बाहेरून बॅटरी लावली म्हणून दार उघडत नाही. कुलूप जागं होतं, आकडे तरीही दाबावेच लागतात. एक मात्र करा, पॉवर बँक लावणार असाल तर घेतल्या दिवशीच लावून बघा. काही पॉवर बँका एवढ्या कमी विजेच्या कामाला आपण होऊन बंद पडतात.

वाय-फाय आणि ॲपबद्दल थोडक्यात : गरज नसेल तर घेऊ नका. पाणी भरायला येणाऱ्या शेजाऱ्याला आकडे फोनवरही सांगता येतात.

आता एक गंमत. 2018 मध्ये चीनमधल्या दारांच्या एका प्रदर्शनात एका बाईनं टेस्ला कॉइलची, म्हणजे जोरदार विजेच्या लहरी सोडणारी, छोटी पेटी नुसती जवळ धरून काही कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक कुलपं उघडून दाखवली होती. तेव्हापासून काही कंपन्या या विरुद्धची चाचणी खोक्यावर छापतात. फुकटात मिळत असेल तर घ्या. पण आपल्या गल्लीतला चोर कॉइल घेऊन येत नाही, पहार घेऊन येतो.

बसवताना सुताराजवळ उभे राहा

कंपनीचा माणूस येवो की ओळखीचा सुतार, चौकटीवर खिटीची पट्टी बसवताना तिथून हलू नका. खोक्यात पट्टीसाठी अर्ध्या इंचाचे स्क्रू येतात. ते फक्त वरच्या लाकडात जातात, आणि दाराला धक्का दिल्यावर सगळ्यात आधी तीच पट्टी उपटते. लाकडी चौकटीला तीन इंची स्क्रू मारून घ्या. वीस-तीस रुपयांचं काम, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

खाच किंचित सैल ठेवायला सांगा. लाकूड मे महिन्यात आकसतं आणि सप्टेंबरच्या पावसात, म्हणजे आपल्या खऱ्या पावसात, फुगतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली खिटी सप्टेंबरमध्ये अडकते, कुलपातली मोटार कुरकुरते आणि सेल दोन महिन्यांत संपतात. लोक मग कुलपाला शिव्या देतात.

दाराशेजारी खिडकी असेल तर तिच्या जाळीतून हात घालून आतली मूठ फिरवता येते का, ते स्वतः हात घालून बघा. दाराखाली बोटभर फट असेल तर वाकवलेली तार आत सारून आतला दांडा खाली ओढता येतो. फट पट्टी मारून बुजवा, किंवा आतल्या दांड्याला वेगळं दाबायचं बटण आहे असं कुलूप घ्या. पण आतून बाहेर पडताना आकडे लागायचे नाहीत, हे पक्कं ठेवा. स्वयंपाकघरात काही पेटलं तर आईला एका हालचालीत दार उघडता आलं पाहिजे.

पहिल्या संध्याकाळी

सुतार गेला की चहाआधी कारखान्यातून आलेला मुख्य आकडा बदला. तो बहुधा 123456 सारखा असतो आणि माहितीपत्रकात छापलेला असतो, म्हणजे जगाला ठाऊक. काही कुलपं नवीन असताना कोणत्याही बोटानं उघडतात, त्यामुळे ठसे वापरायचे नसतील तरी दोन-तीन नोंदवून टाका आणि मग अनोळखी बोट लावून बघा.

स्वतःचा आकडा निवडताना लोक आळस करतात. फुटलेल्या 34 लाख चार-आकडी पासवर्डांची 2012 मध्ये मोजणी झाली, त्यात शंभरात जवळजवळ अकरा 1234 होते. आपल्याकडे त्याच्या जोडीला दारातल्या गाडीचा नंबर. एमएच 13 च्या पुढचे चार आकडे अंगणात उभे असताना तेच दाराला ठेवू नका. लग्नाचं साल, मोबाइलचे शेवटचे चार, आणि सहा आकडे लागतात म्हणून 413001 हा पिनकोड, हे सगळं टाळा.

आता मळलेल्या बटणांची गोष्ट. चार आकडे सतत दाबले की तीच चार बटणं चकाकतात, आणि ती माहीत झाली तर क्रम शोधायला फक्त 24 प्रयत्न पुरतात. एक आकडा दोनदा वापरला तर तीनच बटणं चकाकतात, तरी प्रकार होतात 36. सहा वेगळे आकडे घेतले तर 720. म्हणून सहा आकडे घ्या, महिन्याला ओल्या फडक्यानं सगळी बटणं पुसा, आणि आधी-नंतरच्या भलत्या आकड्यांमध्ये कधी न वापरलेली बटणं मुद्दाम दाबा.

प्रत्येकाला वेगळा आकडा द्या. घरच्यांचा एक, कामवाल्या मावशींचा एक, पाणी भरायला येणाऱ्या वहिनींचा एक, कुलपात सोय असेल तर त्या दोन दिवसांपुरता. मावशी बदलल्या की त्यांचा तेवढा काढायचा, बाकी कुणाला त्रास नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत शोभेची दारू बघायला आख्खं घर होम मैदानावर जातं, तेव्हा किंवा चार दिवस गावाला जाताना जाळीच्या दारालाही वेगळं कुलूप घाला. आकड्यांचं कुलूप आलं म्हणून जुनं विकू नका.

झोपण्यापूर्वी एक रंगीत तालीम. एकानं आत थांबायचं, बाकीच्यांनी बाहेर. सेल काढा, दार ओढून घ्या, आणि 9 व्होल्टची बॅटरी लावून आकड्यांवर उघडून बघा. मग लपलेल्या चावीनं. आमच्याकडे पहिल्या दिवशी चावी फिरलीच नाही. झाकणाखाली लाकडाचा भुसा गेला होता. फुंकर मारून काढला, पण तो रात्री अकराला गावाहून आल्यावर सापडला असता तर कठीण होतं.

आता आमची 9 व्होल्टची बॅटरी गाडीच्या डिकीत असते. संकटकाळची चावी बाळे भागात राहणाऱ्या बहिणीकडे, तिच्या मसाल्याच्या कपाटात वरच्या खणात. तुळशीची कुंडी जागेवरच आहे, आणि इस्त्रीवाला अजूनही येता-जाता तिच्याखाली बघतो.